स्थळप्रत

आत्या गेल्यावर तिच्या घराच्या नोंदीतलं नाव बदलायचं राहून गेलं होतं. त्यासाठी नगरपरिषदेकडून थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी मी गणेशपेठेहून सकाळची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. मृग बहाराच्या संत्र्यांनी भरलेले क्रेट घेऊन गाड्या नागपूरकडे येत होत्या, खिडकीतून तो आंबटगोड वास आत येई आणि डिझेलच्या वासात विरून जाई. गावाचं नाव इथं लिहीत नाही, नागपूरपासून दीड तासावरचं कुठलंही गाव समजा. कर विभागाच्या खिडकीमागच्या बाबूंनी मागणी नोंदवही, म्हणजे कोणत्या घराचा किती कर येणं आहे आणि किती आला ते लिहायची वही, उघडली, ओलसर बोटानं पानं उलटत आत्याचा घर क्रमांक ४१२ काढला आणि म्हणाले, "ताई, दोन वर्षांपूर्वीचे २,३१६ रुपये बाकी हायेत. वरून दरमहा दोन टक्के शास्ती. तीन हजारांच्या वर जाते." माझ्याकडे पावती होती. आत्या विजेचं बिल, गॅसची चिठ्ठी, घरटॅक्सची पावती, सगळं स्वयंपाकघराच्या दारामागच्या तारेत ओवून ठेवायची. त्या तारेतूनच मी ती सोडवून आणली होती. २८ मार्चची, २,३१६ रुपयांची, शिक्क्यासकट. मधोमध तारेचं भोक. बाबूंनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि हसले. "पावती आहे नं तुमच्यापाशी? मग काय चिंता. चढवून देतो." त्यांनी ४१२ च्या ओळीत पेनानं रक्कम लिहिली, तारीख लिहिली, शास्तीवर रेघ मारली. चार दिवसांनी दाखला न्यायला या म्हणाले. मी बाहेर येऊन उसाचा रस प्याले आणि परतीच्या बसमध्ये निवांत झोपले.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा एका नगरपरिषदेत लेखापाल होते. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे, ऐकू कमी येतं, पण आकडा बरोबर ऐकू येतो. त्यांनी पोळीचा घास हातात तसाच ठेवला.

"स्थळप्रत पाहिली का?"

स्थळप्रत म्हणजे पावती पुस्तकात कार्यालयाकडे राहणारी कार्बन प्रत. मी म्हटलं, बाबा, पावती माझ्या हातात होती, त्यांनी मान्य केली, काम झालं. ते म्हणाले, "तुझं काम झालं. पण ते २,३१६ रुपये गेले कुठं? ते आले होते की नाही? आणि ज्याच्यापाशी पावती नाही, त्यानं काय करायचं?" मी थोडी चिडलेच. दीड तास जा, दीड तास या, वर हे. पण त्या रात्री कूलरचा पंप यंदा चालतो की नाही हे बघत बाल्कनीत उभी होते तेव्हा त्यांचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या आत्याकडे तार होती. त्या वॉर्डात किती घरांत ती असेल? मोलमजुरी करणाऱ्या घरात, गळक्या छपराखाली, दोन वर्षं कागद टिकतो का? माझी तक्रार मिटली त्याच मिनिटाला तो प्रश्न त्या कार्यालयातून नाहीसा झाला होता, आणि तो मीच नाहीसा केला होता, आनंदानं.

लहानपणी आमच्या घरात ऑडिट हा शब्द ऋतूसारखा यायचा. स्थानिक निधी लेखापरीक्षेची पार्टी, म्हणजे सरकारी ऑडिटरांची तुकडी, येणार म्हटलं की बाबा संध्याकाळी लाल फडक्यात बांधलेले बस्ते सायकलला लावून घरी आणत. रोकडवही, प्रमाणकांच्या फायली, मोजमाप पुस्तिका, आगाऊ उचलीची म्हणजे तसलमातीची नोंदवही. जुन्या कागदाचा, डिंकाचा आणि उंदरांच्या लेंड्यांचा मिळून एक वास असतो, तो आमच्या बैठकीत आठ-दहा दिवस मुक्काम करायचा. आई कपाळाला आठी घालायची पण चहा करून द्यायची. माझं काम आकडे वाचायचं. बाबा म्हणत, "एक-एक अंक वाच, पूर्ण रक्कम वाचू नको. रक्कम वाचली की डोळा पुढं पळतो." मग मी वाचायची, शून्य, चार, पाच, शून्य, आणि बाबा समोरच्या वहीत बारीक टिक करत जात. माझ्या आवाजाशिवाय फक्त त्या पेन्सिलीचा आवाज. एकदा रोकडवही आणि बँकेचं पासबुक यांत नऊ रुपयांचा फरक येत होता. नऊ रुपये! मी म्हटलं, तुमच्या खिशातून टाका नं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मला अजून आठवते. मग शांतपणे म्हणाले, खिशातून टाकले तर चूक दिसेनाशी होईल, जाणार नाही. आणि त्यांनी मला ती गोष्ट शिकवली जी हिशेबाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते: फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला तर आधी उलटे झालेले आकडे शोधायचे. तिसऱ्या रात्री सापडलं. ४५ च्या जागी ५४ लिहिलेलं होतं. बाबांनी दुरुस्ती केली, बाजूला सही केली, तारीख घातली आणि मगच दिवा मालवला.

लेखापरीक्षक म्हणजे आमच्या घरी ना देव होता ना राक्षस. पार्टी विश्रामगृहात उतरायची. त्यांच्या जेवणाखाण्याची "सोय" बघायची पद्धत होती, बाबा त्यात पडत नसत, आणि त्याची किंमत काय ती मोजत. अर्धसमास पत्र यायचं: पानाच्या उजव्या अर्ध्या भागात आक्षेप, डावा अर्धा भाग उत्तरासाठी कोरा. तो कोरा अर्धा भाग बाबांच्या चेहऱ्यावर दिसायचा. एका पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात चटयांवर माणसं, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या. ब्लीचिंग पावडर रातोरात हवी होती. बाबांनी तसलमात काढून नागपुरातून ती आणवली, दरपत्रकं न मागवता. विहिरींमध्ये पावडर पडली, साथ ओसरली, आणि पुढच्या ऑडिटमध्ये ती रक्कम आक्षेपाधीन धरली गेली. खुलासे गेले, अनुपालन गेलं, अहवालातला आक्षेपाचा परिच्छेद मात्र वगळला गेला नाही. वर्षानुवर्षं तो "प्रलंबित" राहिला आणि बाबांच्या निवृत्तीच्या वेळी काही देणं नसल्याच्या, ना-देय प्रमाणपत्राच्या वाटेत उभा राहिला. मला तेव्हा त्या ऑडिटरचा इतका राग आला होता! बाबांना कधीच आला नाही. "त्यानं लिहिलं ते खरंच होतं. दरपत्रकं नव्हतीच. त्याला साथ कुठं दिसणार, त्याला फाइल दिसते." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या दुसरा कोणी साथीचं नाव सांगून पैसे काढेल, तेव्हा हाच ऑडिटर कामी येईल." मला हे तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलंय असं नाही. ज्या माणसानं रात्री ट्रक उतरवून घेतला त्याच्या नावावर रक्कम लागते आणि ज्यानं काहीच केलं नाही त्याची पाटी कोरी राहते, हे मला खुपतं. पण बाबांचं दुसरं वाक्यही मला खोडून काढता येत नाही.

ही सगळी व्यवस्था कागदावर किती जुनी आणि किती नीट आहे! स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० चा, इंग्रज अमदानीतला. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, तिच्यात नगरपालिकांच्या हिशेबासाठी आणि ऑडिटसाठी स्वतंत्र अनुच्छेद आहे, २४३ य. त्यावर कॅगचं, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं, तांत्रिक मार्गदर्शन. आमच्या नागपुरात सिव्हिल लाइन्समधलं ए. जी. ऑफिस, म्हणजे महालेखाकारांचं कार्यालय, इतकं ओळखीचं की "मुलगा ए. जी.त आहे" एवढं सांगितलं की पूर्वी स्थळाची चौकशी अर्धी संपायची. हिशेबाची एकनोंदी पद्धत जाऊन प्रत्येक व्यवहार दोन बाजूंनी लिहिणारी द्विनोंदी आली. १५ व्या वित्त आयोगानं तर २०२१ ते २०२६ च्या अनुदानाला अटच घातली की हिशेब आणि लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन दिसले पाहिजेत. मला याचं खरोखर बरं वाटलं होतं. पण ऑनलाइन दिसतो तो ताळेबंद. त्यात मालमत्ता कराची एक ओळ असते, एक बेरीज असते. त्या बेरजेच्या पोटात आत्याचे २,३१६ रुपये बरोबर जागी आहेत की नाहीत, हे ती बेरीज सांगू शकत नाही. ते सांगायला कोणीतरी पानावर बोट ठेवावं लागतं.

पूर्वी बोट ठेवणारी माणसं होती, निदान सभागृहात तरी. बाबांच्या काळातले नगरसेवक काही साधुसंत नव्हते. पण सर्वसाधारण सभेत एखादा उठून विचारायचा की माझ्या वॉर्डातल्या नालीचं बिल निघालं, नाली कुठाय? भांडणं व्हायची, माइक ओढले जायचे, तरी तो प्रश्न इतिवृत्तात जायचा. निवडून आलेल्या सभागृहांच्या मुदती संपल्या आणि २०२२ च्या आसपासपासून राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक आले. निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. मधल्या काळात कित्येक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव ठेवणारा हात आणि मंजुरी देणारा हात एकाच माणसाचा. तो माणूस कितीही सरळ असो, ही रचना मला वाईट वाटते. आत्याची पावती नेमकी त्याच वर्षांतली.

दाखला न्यायला मी मुद्दाम सोमवारी गेले. २०१८ पासून सरकारचा नियम आहे की सोमवारी दुपारी ३ ते ५ कोणीही नागरिक स्थानिक स्वराज्य संस्थेतले कागद बघू शकतो. अर्ज नको, वाट बघणं नको. बाबांनी जाताना एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: पावती पुस्तकाची स्थळप्रत, त्या दिवसाचा वसुली चिठ्ठा, रोकडवही, बँकेचं चलन, मागणी नोंदवही. या क्रमानं, उलट नाही. खिडकीतले बाबू मला बघून चकित झाले. "ताई, तुमचं तं झालं नं?" मी नियमाचं सांगितलं. ते रागावले नाहीत, थकल्यासारखे झाले. म्हणाले, मी एकटा आहे, कर, जन्ममृत्यू आणि आता अग्निशमनचंही माझ्याचकडे आहे, दोन जागा भरल्याच नाहीत. मग आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळानं धुळीनं पांढरे झालेले हात घेऊन परत आले. बरोबर पावती पुस्तकांचा गठ्ठा आणि मी मागितलेला मागच्या ऑडिटचा अहवाल. अहवालाची पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी नखानं ती सोडवली. त्यात एक परिच्छेद होता, मागणी नोंदवही आणि वसुली यांचा मेळ घेतलेला नाही, आणि त्याच्याच खाली लिहिलं होतं की मागील अहवालातही हे निदर्शनास आणले होते. ऑडिटरनं बोट ठेवलं होतं. दोनदा ठेवलं होतं. ते कोणी वाचलं नव्हतं.

येताना बसमध्ये माझ्या मनात जे होतं ते लिहून टाकते. मला वाटत होतं की ह्या हसऱ्या बाबूनं पैसे खाल्ले. मी ते जवळजवळ ठरवूनच आले होते.

स्थळप्रत सापडली. कार्बनची निळी अक्षरं फिकी झालेली, पण आत्याचं नाव, ४१२, २,३१६, सगळं बरोबर. वसुली चिठ्ठ्यात रक्कम होती. रोकडवहीत त्या दिवसाची बेरीज जुळत होती, मी खालपासून वरपर्यंत दोनदा जुळवली. २९ तारखेचं बँकेचं चलनही होतं. पैसे पोचले होते, शेवटच्या रुपयापर्यंत. मार्च एंडिंगच्या त्या गर्दीत ते तिजोरीतच गेले होते. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाबू शेजारी उभे राहून माझं बोट कुठं जातं ते पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते, तो डाव्या अर्ध्या पानाचा चेहरा होता. मग पैसे ४१२ ला का लागले नाहीत? मी बाबांना फोन लावला. पलीकडून रेडिओचा आवाज, मग बाबांचा. मी सगळं सांगितलं. ते क्षणभरच गप्प राहिले.

"चारशे एकवीस पाहा."

बाबूंनी पान उलटलं. ४२१ च्या ओळीत, २८ मार्च, २,३१६ रुपये वसूल. त्या घराची त्या वर्षाची मागणी होती १,९०२. म्हणजे वर ४१४ रुपये जास्तीचे जमा दिसत होते आणि कोणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. बाबू खुर्चीत बसले. "माह्याच हातचं अक्षर आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी तीनशेवर पावत्या फाडल्या होत्या, ताई. रात्री अकराला चढवल्या." मी म्हटलं, उलटे आकडे होतात. मला अजून काही बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण मी मोठ्यानं तर काहीच म्हटलं नव्हतं, मग माफी कशाची मागू? त्यांनी रजिस्टरमध्ये रीतसर दुरुस्ती घेतली, ४१२ च्या आधीच्या नोंदीवर पावती क्रमांक घातला, ४२१ ची रक्कम लाल शाईनं वजा केली, आणि मी न सांगता दोन्हीकडे सही करून साहेबांच्या सहीसाठी वही आत पाठवली. मग म्हणाले, "आता ४२१ वाल्यांले १,९०२ ची नोटीस निघंल. शास्ती धरून." ते हे सहज म्हणाले. मला मात्र पोटात कसंतरी झालं. त्या घराला दोन वर्षं सांगितलं जात होतं की तुमचं काही देणं नाही. आज माझ्या चौकशीपायी त्यांच्या नावावर थकबाकी उभी राहिली होती, आणि आत्याच्या गल्लीतच ते घर होतं.

ते घर मी लहानपणी हजारदा पाहिलं असेल, क्रमांक कधी बघितला नव्हता. पत्र्याच्या छोट्या पाटीवर पांढऱ्या रंगात ४२१, शेवटचा एक अर्धा उडालेला. अंगणात वाळवणाच्या खाटेवर कुरडया, त्यांच्यावर जुनं लुगडं पसरलेलं. बाहेर आल्या त्या बाई आत्याच्याच वयाच्या, मला ओळखून म्हणाल्या, "तू तिची भाची नं? बस नं माय, पाणी पी." मी पाणी प्याले, मग जमेल तसं सगळं समजावून सांगितलं. पैसे आमच्या आत्याचे होते, तुमच्या नावावर लागले, आता तुम्हाला नोटीस येईल. त्यांनी नीट ऐकून घेतलं. दोनदा विचारलं, कोणत्या सालचं? मी साल सांगितलं.

"अवो, पण आम्ही तं भरलं होतं."

त्या उठल्या. दाराच्या मागं हात घातला आणि खिळ्यावरून एक तार काढून आणली, कागदांनी गच्च भरलेली, जुन्यावर नवीन, सगळ्यांना मधोमध भोक. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली, पण मग त्यांची नात शाळेचं दप्तर टाकून आली आणि आमच्याजवळ बसली. सातवीत असेल. मी पर्समधून बाबांची चिठ्ठी काढली, तिची मागची बाजू कोरी होती. नातीला म्हटलं, एक-एक पावती सोड आणि क्रमांक वाच, एक-एक अंक वाच. तिनं पहिली पावती उजेडात धरली.